सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी बरं का वाटत नाही? ७२ तपासण्यांमध्ये नसलेले दोन प्रश्न

छातीत धडधड. मानेपासून कमरेपर्यंत दुखणं. रात्री तीनला उघडणारे आणि मग न मिटणारे डोळे. दिवसभर अंगात कणकण. गेल्या वर्षी माझ्या आईच्या तक्रारींची यादी अशी होती. ईसीजी झाला, टूडी एको झाला. थायरॉइड, साखर, बी-१२, कोलेस्टेरॉल, सगळं मिळून ७२ तपासण्यांचं ‘फुल बॉडी चेकअप’ झालं. रिपोर्टची पीडीएफ माझ्या व्हॉट्सॲपवर आली. जवळपास सगळे आकडे हिरव्या रंगात. मी ऑफिसमधूनच आईला फोन लावला आणि म्हणालो, ‘‘काही नाही झालेलं तुला. सगळं नॉर्मल आहे.’’

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, ‘‘मग मला होतंय ते काय आहे रे?’’

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरं तर ते विज्ञानाकडे बऱ्याच वर्षांपासून आहे. आपल्या तपासण्यांच्या यादीत मात्र ते अजून पोहोचलेलं नाही.

घड्याळाला काय दिसलं नाही?

मी इंजिनीअरिंग केलंय. त्यामुळे आईची काळजी वाटली तेव्हा मी तिच्यासाठी स्मार्टवॉच घेतलं. ती साताऱ्यात, मी पुण्यात. तिच्या नाडीचे ठोके, पावलं, झोप हे सगळं माझ्या मोबाइलवर दिसायचं. ठोके ७८. पावलं रोज आठ हजारांच्या वर. मला हायसं वाटायचं. ही आठ हजार पावलं स्वयंपाकघर, न्हाणीघर, गच्ची आणि पाण्याची टाकी यांच्या दरम्यानची आहेत, ती घराबाहेर पडतच नाहीये, हे काही त्या आकड्यात दिसत नव्हतं.

सेन्सर बांधताना पहिला धडा हाच शिकवतात. सेन्सर फक्त तेच मोजतो जे मोजायला त्याला बसवलेलं असतं. बाकीचं ‘शून्य’ आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

आईच्या बाबतीत ‘बाकीचं’ बरंच होतं. माझ्या आजीला डिमेन्शिया झाला होता. शेवटची चार वर्षं तिचं खाणं, अंघोळ, रात्री-अपरात्री उठून ‘मला घरी सोडा’ म्हणणं हे सगळं आईनं एकटीनं काढलं. आजी गेल्यावर नातेवाईक म्हणाले, ‘‘सुटलीस बाई, आता आराम कर.’’ त्यानंतर सहा महिन्यांत आईचं दुखणं सुरू झालं.

मनावरचा ताण शरीरात उतरतो कसा?

मराठीत याबद्दल कधी शंका नव्हती. वाईट बातमी ऐकून आपले हातपाय गळतात, पोटात खड्डा पडतो, काळजाचं पाणी होतं, एखादी गोष्ट जिवाला लागते. भाषेनं मन आणि शरीर वेगळं काढलंच नाही. ते वेगळं काढलं दवाखान्यांनी आणि केसपेपरांनी.

शास्त्रीय गोष्ट थोडक्यात अशी. १९३६ मध्ये हान्स सेली या संशोधकानं ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण प्रसिद्ध केलं. उंदरांना थंडी, इजा, विषारी द्रव्य असा कोणताही त्रास दिला तरी त्यांच्या शरीरात ठरावीक बदल होतात, असं त्यात होतं. आज आपण ‘स्ट्रेस’ म्हणतो त्या कल्पनेची सुरुवात तिथून झाली.

मेंदूला धोका जाणवला की हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो. पिट्युटरी मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींना इशारा देते आणि रक्तात कॉर्टिसॉल वाढतं. त्याआधीच ॲड्रिनॅलिननं ठोके वाढवलेले असतात. समोर साप असेल तर ही व्यवस्था जीव वाचवते. कॉर्टिसॉल पुरेसं वाढलं की तेच मेंदूला ‘आता थांबव’ असं कळवतं. इंजिनीअरिंगच्या भाषेत ही फीडबॅक लूप आहे, घरातल्या गीझरच्या थर्मोस्टॅटसारखी.

साप निघून जातो. आजारी माणसाची सेवा, कर्जाचा हप्ता, नोकरीची टांगती तलवार या गोष्टी चार-चार वर्षं जात नाहीत. मग लूप बिघडते. झोप, पचन, रक्तदाब, प्रतिकारशक्ती यांचं गणित हळूहळू विस्कटतं.

हे नुसतं तर्कानं सांगितलेलं नाही, ते मोजलं गेलंय. १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. डिमेन्शिया झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम करण्यात आली. सेवा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. अभ्यास छोटा होता, पण मी तो वाचताना दोनदा थांबलो. त्या १३ जणींमध्ये माझी आई सहज बसली असती.

त्याआधी, १९९१ मध्ये शेल्डन कोहेन यांनी ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घातले. ज्यांच्या आयुष्यात ताण जास्त, त्यांना संसर्ग आणि सर्दी होण्याचं प्रमाणही जास्त निघालं. विषाणू तोच, नाक वेगळं नाही. फरक ताणाचा.

आणि उलट दिशेनं?

ही वायर दोन्ही बाजूंनी चालते. हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना पूर्वी इंटरफेरॉन-अल्फा हे इंजेक्शन देत असत. ते प्रतिकारशक्ती चेतवतं. त्या उपचारात अनेक रुग्णांना काही आठवड्यांत नैराश्य यायचं. त्यांच्या आयुष्यात दुसरं काही बदललेलं नसायचं, बदललेलं असायचं ते रक्तातलं रसायन. थायरॉइड कमी झालं किंवा बी-१२ घटलं तरी उदास, थकल्यासारखं वाटतं. त्यामुळे आईच्या त्या ७२ तपासण्या वाया गेल्या असं मी म्हणणार नाही. शारीरिक कारण आहे का हे आधी पाहायलाच हवं.

हृदयाचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. १९९३ मध्ये मॉन्ट्रियलमधल्या संशोधकांनी हार्ट ॲटॅकमधून वाचलेल्या २२२ जणांचा पाठपुरावा केला. त्यातल्या ज्यांना नैराश्य होतं, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांतल्या मृत्यूंचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतं. पुढे २००४ मध्ये ५२ देशांमध्ये झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासानं हार्ट ॲटॅकच्या नऊ प्रमुख कारणांमध्ये सिगारेट, रक्तदाब, मधुमेह यांच्या बरोबरीनं मानसिक-सामाजिक ताणालाही जागा दिली. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट आढळतं, हेही आता सर्वमान्य आहे.

तरीही अँजिओप्लास्टी होऊन घरी आलेल्या काकांना आपण काय विचारतो? ‘‘पथ्य पाळताय ना? चालताय ना?’’ मनाचं कुणी विचारत नाही.

‘मनाचं आहे’ म्हणजे ‘खोटं आहे’?

माझा खरा राग इथे आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे. रिपोर्ट नॉर्मल आला की आपल्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात. पहिलं, ‘‘काही नाही झालेलं.’’ दुसरं, ‘‘टेन्शन घेऊ नका.’’ पहिल्या वाक्यात दुखणाऱ्या माणसाला खोटं पाडलं जातं. दुसऱ्यात त्याचा दोष त्याच्यावरच टाकला जातो. जणू टेन्शन ही बाजारातून आणायची वस्तू आहे आणि आईनं ती उगाच दोन किलो जास्त घेतली.

वेदना कुठूनही सुरू झाली तरी ती जाणवते मेंदूत. झोप नसली, मन खचलेलं असलं की मेंदूचा वेदनेचा आवाज वाढतो. जणू स्पीकरची कळ कुणीतरी पिरगाळून ठेवली आहे. त्यामुळे नैराश्यातली पाठदुखी खरीच असते. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून पाठ दुखायची थांबत नाही.

आपल्याकडे हा आजार बऱ्याचदा अंगदुखीच्या वेशातच दवाखान्यात येतो. ‘‘मला उदास वाटतंय’’ असं सांगत फार कमी लोक येतात. ‘‘डोकं जड झालंय, हातापायांना मुंग्या येतात, अशक्तपणा आहे, झोप नाही’’ असं सांगतात. घराघरांतल्या आया, आत्या, मावश्या वर्षानुवर्षं हेच सांगत असतात. आपण त्यांना कॅल्शियमच्या गोळ्या आणून देतो.

गोव्यानं काय दाखवून दिलं?

याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात ‘संगत’ ही संस्था सुरू केली. तज्ज्ञ मूठभर आणि रुग्ण अगणित, हा पेच त्यांच्यासमोर होता. त्यांनी स्थानिक, साध्या लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. मानसशास्त्राची पदवी नसलेली, पण लोकांची भाषा बोलणारी ही माणसं.

२०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांच्या ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’चे निष्कर्ष आले. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये आलेले, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले ४९५ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत या समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी मिळाल्या. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांची लक्षणं ओसरली होती. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होतं.

त्या भेटींमध्ये जादू नव्हती. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. सोडली की आनंद कमी होतो, आनंद कमी झाला की आणखी सोडतो. समुपदेशक ही घसरण उलटी फिरवायला मदत करतात. आधी काय आवडायचं? त्यातलं सगळ्यात छोटं काय या आठवड्यात करता येईल? मन तयार होण्याची वाट न पाहता आधी पाऊल उचलायचं, मन मागून येतं.

व्यायामाबद्दलही असंच आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात नैराश्य असलेल्या, पन्नाशीच्या वरच्या १५६ जणांचे तीन गट केले. एकाला व्यायाम, दुसऱ्याला औषध, तिसऱ्याला दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गट साधारण सारखेच सुधारलेले होते. याचा अर्थ औषधं बंद करा असा मुळीच नाही, तो निर्णय डॉक्टरांचाच. पण चालणं फक्त वजनासाठी नसतं, एवढं यातून कळतं.

रोज दहा हजार पावलांचा हट्टही सोडायला हरकत नाही. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पेडोमीटरच्या नावातून आला. २०१९ मध्ये १६ हजारांहून अधिक ज्येष्ठ स्त्रियांच्या अभ्यासात दिवसाला ४,४०० पावलांपासूनच फायदा दिसला आणि ७,५०० च्या आसपास तो स्थिरावला.

ते दोन प्रश्न कोणते?

आईला शेवटी गावातल्याच एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फाइल चाळली, बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘‘काकू, गेल्या दोन आठवड्यांत पूर्वी आवडायच्या त्या गोष्टी कराव्याशा वाटतात का?’’

आई खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘दिवाळीपासून भिशीला गेले नाही. यंदा लोणचंसुद्धा घातलं नाही.’’ आणि ती रडायला लागली. मी शेजारच्याच खुर्चीत होतो. लोणचं घातलं नाही हे मला माहीतच नव्हतं. तिच्या हृदयाचे ठोके मात्र मला पाठ होते.

डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न पीएचक्यू-२ या जगभर वापरल्या जाणाऱ्या छोट्या चाचणीतला आहे. तिच्यात दोनच प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत,

• कामांमध्ये रस किंवा आनंद वाटेनासा झाला, असं किती दिवस झालं?
• उदास, खचलेलं, निराश वाटलं, असं किती दिवस झालं?

अजिबात नाही तर ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळपास रोज ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त आली तर पुढची तपासणी करून घ्यायची. हे निदान नाही, फक्त इशारा आहे. थर्मामीटर ताप दाखवतो, मलेरिया की टायफॉइड ते सांगत नाही, तसंच.

गंमत म्हणजे सरकारनं हे आधीच ओळखलंय. तीस वर्षांवरच्या लोकांची रक्तदाब, मधुमेह यांसाठी नोंद करताना आशाताई जो ‘सीबॅक’ फॉर्म भरतात, त्याच्या सुधारित नमुन्यात हे दोन प्रश्न आहेत. वाडीवस्तीवर फिरणाऱ्या आशाताईच्या कागदावर जे आहे, ते आईच्या हजारो रुपयांच्या चकचकीत पॅकेजमध्ये नव्हतं.

माझं म्हणणं म्हणूनच सोपं आहे. जिथे जिथे रक्तदाब मोजला जातो, तिथे हे दोन प्रश्न विचारले जावेत. फॅमिली डॉक्टरकडे, हृदयरोगाच्या आणि मधुमेहाच्या ओपीडीत, कंपन्यांच्या वार्षिक तपासणीत. ७२ तपासण्यांच्या यादीत ७३ वी ओळ म्हणून. तिला ना सुई लागते ना लॅब.

‘डॉक्टरांना वेळ कुठे आहे?’

हा आक्षेप खरा आहे. २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’मध्ये ६७ देशांमधल्या अभ्यासांचा आढावा आला होता. त्यात भारतात प्राथमिक उपचारांसाठी डॉक्टर एका रुग्णाला देत असलेला वेळ सुमारे दोन मिनिटं निघाला. पण हे प्रश्न वेटिंगमध्ये बसलेला रुग्ण कागदावर स्वतःही भरू शकतो. केस काढणारी ताई विचारू शकते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. विचारलं आणि उत्तर ‘हो’ आलं तर पाठवायचं कुठे? निम्हान्सनं १२ राज्यांमध्ये केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचं दिसलं. वेगवेगळ्या विकारांमध्ये उपचारांपर्यंत न पोहोचलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के होतं. मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत, तेही शहरांत. पण गोव्याचा अनुभव नेमका इथेच कामी येतो. प्रत्येक रुग्णाला तज्ज्ञ लागत नाही. पुष्कळांना प्रशिक्षित, ऐकणारा माणूस पुरतो. तज्ज्ञांचा वेळ मग ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी मोकळा राहतो. राज्यातल्या आरोग्य केंद्रांना असे समुपदेशक द्यायला नवा शोध लावायचा नाही, पदं निर्माण करायची आहेत.

तिसरी भीती ‘लोक काय म्हणतील’ ही. तिला माझ्याकडे शास्त्रीय उत्तर नाही. कायदा मात्र स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठीही शारीरिक आजारांसारखंच संरक्षण देणं बंधनकारक केलंय. कायद्यानं ही दोन खाती एकाच रांगेत आणली, आता घरानंही आणावीत.

तुम्ही आजपासून काय करू शकता?

• ‘‘तब्येत कशी आहे?’’ याऐवजी एखादी ठरावीक गोष्ट विचारा. भजनी मंडळाला जाते आहेस का? बाबा, पेपरातलं शब्दकोडं सोडवताय का? सुटलेली सवय आकड्यांच्या आधी बोलते.
• नवं दुखणं असेल तर शारीरिक तपासणी आधी करून घ्या. छातीत दुखत असेल तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी थांबू नका.
• रिपोर्ट नॉर्मल आले आणि त्रास दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ‘‘मनाचंही बघा.’’
• घरात कुणी आजारी माणसाची सेवा करत असेल तर आठवड्यातून एक दिवस त्या व्यक्तीची सुटी ठरवा. कौतुकापेक्षा सुटी जास्त उपयोगी पडते.
• ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास सुरू असते, मराठीतही बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल, तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला, तर वाट न पाहता फोन करा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

आईचं पुढे काय झालं?

काही महिने औषध चाललं. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, सकाळी शेजारच्या काकूंबरोबर अर्धा तास, घराबाहेर. सुरुवातीला ती गेटपर्यंत जाऊन परत यायची. मार्चमध्ये भिशीला गेली. झोप आता बऱ्यापैकी लागते. गुडघा अजून दुखतो, कारण तो खरंच झिजलाय. आजीच्या खोलीत जायचं ती अजूनही टाळते. सगळं ठीक झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

डिजिटल डेस्कवर ‘हे पाच पदार्थ खा आणि तंदुरुस्त राहा’ छापाच्या बातम्या मीही भरपूर केल्या आहेत. तुम्ही त्या वाचल्याही असतील. आज एवढीच विनंती आहे. हा लेख फॉरवर्ड करण्याआधी घरी एक फोन करा आणि ते दोन प्रश्न विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. लाइनवर थांबा.